त्या एकादशीला कुणी चाखलं

विद्यापीठाच्या रस्त्यावर जेवायला येणाऱ्या लोकांत माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. आषाढी एकादशी रमजानात आली होती, हॉटेलात मोठी पंगत होती, रोज्यामुळं मुसलमान आचाऱ्याला मीठ चाखता येईना. तेव्हा ब्राह्मण आचाऱ्यानं आपली एकादशी मोडली, ग्रेव्ही चाखली आणि त्याचा रोजा वाचवला. गोष्ट चांगली आहे. ती ऐकताना लोकांचे चेहरे मऊ होतात, हे मी पाहिलंय. तो ब्राह्मण आचारी मी. आणि गोष्ट बरोबर उलटी आहे.

मी मूळचा परभणीकडचा. घर भिक्षुकांचं, पण मला मंत्रांपेक्षा चूल जवळची. देवळाचा नैवेद्य, मग मुंजी, मग लग्नं, असं करत मी पंचक्रोशीचा आचारी झालो. पुरणपोळी, कटाची आमटी, येसराचं मसालेपीठ घातलेलं वरण. पन्नाशीच्या आसपास आलो आणि मंगल कार्यालयांत ठेकेदार शिरले. त्यांच्याकडं पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आणि पाणीपुरीचा वेगळा स्टॉल. माझ्याकडं एक पितळी झारा आणि कमरेला पंचा. एका लग्नसराईत मला एकही बोलावणं आलं नाही. त्याच उन्हाळ्यात मुलीला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि ती वसतिगृहावर राहायला आली. मागोमाग मीही आलो. गावात सांगितलं, पोर एकटी आहे, जवळ असावं कुणीतरी. बायको माझ्या आईपाशी गावीच राहिली.

हॉटेलमालक फुलंब्रीचा. कुठल्याशा लग्नात माझ्या हातचं जेवला होता. मला म्हणाला, "महाराज, तिकडं काय माशा मारत बसलाव? या की इकडं. मेसचं खाऊन पोरं पार कावलेत. वरण-भात म्हणलं की लई जीव टाकतेत."

हॉटेल शुद्ध शाकाहारी. भटारखान्याच्या एका अंगाला माझी थाळी: पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर. दुसऱ्या अंगाला तंदूर आणि पंजाबी ग्रेव्ह्या. तिकडं वस्ताद. बेगमपुऱ्यातला माणूस, माझ्याहून थोडा मोठा, छातीवर कायम एक ओला फडका. तो पनीर रोज करायचा, पण लग्नाच्या दावतीत त्याच्या बिर्याणीच्या देगा चढायच्या त्या वेगळ्याच. म्हणजे तोही माझ्यासारखाच, पंगतीचा आचारी हॉटेलात आलेला. हे कळायला मला फार दिवस लागले, कारण मी तिथं मनानं नव्हतोच.

पंगतीत कसं असतं, एकदा रांधलं की पानं मांडायची, लोक बसलेले दिसतात, कुणी भुरका मारतं, कुणी आग्रह करतं. मग पंगत उठते आणि काम संपतं. हॉटेलात पंगत उठतच नाही. खिडकीतून कागदाचे चिटोरे येतात, ताटं जातात, खाणाऱ्याचं तोंड दिसत नाही. मी सारखा बाहेर यायचो. पायरीवर उभा राहायचो, विद्यापीठाकडं जाणारी पोरं बघायचो, परत आत. पिशवी भरलेलीच असायची. वस्ताद तंदुरात हात घातल्या घातल्या विचारायचा, "क्या महाराज, एसटी का टाइम हो गया क्या?"

पिशवी रिकामी करू नये असं वाटायला आणखी एक कारण घडलं. पहिल्याच सहामाहीत मुलगी मैत्रिणींना घेऊन जेवायला आली. मी हात पुसत बाहेर गेलो. एकीनं विचारलं, "हे कोण गं?" मुलगी म्हणाली, "आमच्या गावचे आहेत." मी म्हणालो, "हो, गावचाच." आणि आत येऊन पोळ्या लाटायला लागलो. त्या दिवशी पोळ्या जाड झाल्या. वस्तादनं एक उचलून उजेडात धरली आणि ठेवून दिली.

आता चाखण्याचं. आचारी माणूस चाखल्याशिवाय ताट बाहेर सोडत नाही. मी एकादशीला निर्जळी नव्हे, पण कडक उपास करायचो. उपासाला चालतं तेवढंच जिभेला लागू द्यायचो. वस्ताद रमजानचे सगळे रोजे धरायचा. त्यांच्यात आचाऱ्याला जिभेच्या टोकाला लावून थुंकायची मुभा आहे, असं त्यानंच मला सांगितलं होतं. पण तो ती घ्यायचा नाही. म्हणायचा, "जीभ अपनी, गला अपना, पण सवय कुणाच्या बापाची? चुकून उतरलं तर?" म्हणून रमजानात त्याच्या ग्रेव्ह्या मी चाखायचो. एकादशीला माझं वरण तो चाखायचा. असं ठरवून झालं नाही, होत गेलं. तो चमचा पुढं करायचा, मी चाखून मान हलवायचो किंवा दोन बोटांची चिमूट दाखवायचो. त्या चिमटीवर तो मीठ घालायचा. माझ्या जिभेवर त्यानं कधी संशय घेतला नाही. खरं सांगायचं तर, त्या शहरात मला पहिल्यांदा जागा मिळाली ती त्या चमच्यासमोर.

रमजानात एकादशी यायचीच. त्या दिवशी आम्ही मालकाला चाखायला बोलवायचो. त्याची तक्रार एकच असायची, "झणझणीत न्हाय." मीठ तेवढं त्याला बरोबर कळायचं.

त्या वर्षी आषाढीच्या दिवशी एका कॉलेजची पंगत होती. नवीन प्रवेश झालेली मुलं आणि त्यांचे आईबाप, कॉलेजकडून जेवण, उपासवाल्यांना खिचडी वेगळी. मला किती दिवसांनी पंगत मिळाली होती! सकाळी लवकर निघालो. डोक्यात तेच, पानं किती, बसवायचं कसं, वरण पातळ ठेवायचं की घट्ट. वाटेतल्या टपरीवर नेहमीसारखा थांबलो. टपरीवाल्यानं नेहमीसारखा चहा आणि दोन टोस्ट पुढं ठेवले. मी एक बुडवला आणि खाल्ला. तो म्हणाला, "महाराज, आज उपासाची खिचडी कधी चालू? घरचे सगळे उपाशी हैत."

तेव्हा ध्यानात आलं. घास पोटात गेलेला होता. हातात दुसरा टोस्ट. मी त्याच्याकडं बघितलं. मोडलीच आहे, आता काय, असं वाटलं. भूकही होती. दुसराही बुडवला आणि खाल्ला. हे मी नीट लिहितोय, कारण सगळं पुढचं ह्या दुसऱ्या टोस्टावर आहे. पहिला विसरून खाल्ला. दुसरा आठवल्यावर.

हॉटेलात पोचलो तर मालक दारातच. "महाराज, आज तुमची एकादशी, वस्तादचा रोजा, अन् मी चाललो चिकलठाण्याला, पाव्हणे उतरतेत विमानानं. पंगत बसायच्या आत येतो. तुम्ही दोघं हैत म्हणून निवांत हे मी." मी हो म्हणालो. टोस्टाचं बोललो नाही. भटारखान्यात मी महाराज होतो. पोरं चप्पल काढून माझ्या ओट्याजवळ यायची. टपरीवर टोस्ट खाऊन आलो हे मला माझ्या तोंडानं सांगवेना.

दुपार झाली. लोक येऊन बसले. मालकाचा पत्ता नाही. वरणाचं मीठ मी हाताच्या अंदाजानंच घातलं होतं. वस्ताद पनीरच्या मोठ्या पातेल्यापाशी उभा होता आणि त्याच्या कपाळावर आठी होती.

"मीठ कशात टाकलं रे?" तो वेटरला विचारत होता.

"तुम्हीच तर म्हणले टाक. टाकलं."

"मी म्हणायच्या आधी मीच टाकलं होतं बे."

"मग मला कशाला म्हणले?"

"अरे, वाटाण्याच्या भाजीत टाक म्हणलो होतो!"

म्हणजे दोनदा पडलं असेल, किंवा वेटरनं वाटाण्यात टाकलं असेल आणि पनीरमध्ये एकदाच. वेटरनं मान खाली घातली. म्हणाला, "मी चाखतो ना."

"तू नक्को. चोवीस तास तंबाखू दाबून ठेवतो. तुझ्या जिभेला चुना अन् मीठ एकच."

मग वस्ताद माझ्याकडं वळला. त्याच्या हातात चमचा होता आणि चमच्यात ग्रेव्ही. तो काही मागत नव्हता, त्याला एकादशी माहीत होती. सवयीनं चमचा माझ्याकडं आला, एवढंच. पण थोडा वेळ तो तसाच राहिला. मी तोंड उघडलं असतं तर सगळं मिटलं असतं. माझा उपास सकाळीच संपला होता.

मी म्हणालो, "वस्ताद, आज एकादशी आहे माझी."

"हौ, हौ. मेरी भी अकल," असं म्हणून त्यानं चमचा मागं घेतला. पातेल्याकडं पाहिलं, बाहेर बसलेल्या लोकांकडं पाहिलं, आणि मग जिभेचं टोक चमच्याला लावलं. ग्रेव्ही कढत होती. त्याच क्षणी वेटर ताटांची चळत घेऊन मागून घुसला, वस्ताद दचकला आणि गिळून बसला. मला त्याचा गळा हललेला दिसला.

"गेलं," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "मीठ बरोबर आहे."

मीठ बरोबर होतं. काहीच बिघडलं नव्हतं. पंगत छान झाली. वरणाची कुणीतरी तारीफ केली आणि मी बाहेर जाऊन हात जोडले. वस्तादनं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. रोजा तुटला तरी बाकीचा दिवस तसाच काढायचा असतो, आणि ईद झाल्यावर त्याच्या बदल्यात एक रोजा धरायचा असतो, हे त्यानं मला सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं. आवाजात राग नव्हता. "तुमचा तरी शाबूत राहिला," असं म्हणाला.

मालक नेमका त्याच वेळी आला आणि तसाच पंगतीकडं वळला होता. त्यानं दारातून म्हणे फक्त चमचा माझ्याकडं आलेला पाहिला आणि कुणीतरी चाखल्याचं त्याला कळलं. बाकीचं त्यानंच भरलं. दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर तो एका प्राध्यापकांना सांगत होता, "आमच्या महाराजांनी एकादशी मोडली, पण वस्तादचा रोजा मोडू दिला न्हाय. असे माणसं हैत आपल्याकडं!" मी ऐकलं आणि वस्तादकडं गेलो. म्हटलं, हे खोटं आहे, मी सांगतो त्याला.

वस्ताद कणीक मळत होता. म्हणाला, "जाऊ द्या महाराज. माझा रोजा तुटला ते दुनियेला कशाला कळाया पाहिजे? तुमचं नाव होतंय, होऊ द्या."

त्याला वाटलं, मी त्याच्या वाट्याचं श्रेय परत करायला आलोय. मी तर त्याहून मोठं काही लपवून उभा होतो. सुटल्यासारखं वाटलं आणि मी परत पोळ्यांकडं गेलो.

गोष्ट वसतिगृहापर्यंत गेली. काही दिवसांनी मुलगी आली, सोबत दुसऱ्याच मैत्रिणी. भटारखान्याच्या दारात उभी राहून म्हणाली, "हे माझे बाबा." एवढंच. वस्तादनं तंदुरातनं तोंड वर काढलं आणि माझ्याकडं बघून हसला. त्यानंतर पिशवी मी रिकामी केली. एसटीचं नाव काढलं नाही. त्या खोट्यानं मला शहर दिलं, मुलगी परत दिली. मग ते सोडवेना. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी ती गोष्ट माइकवरून सांगितली. बायकोला ती फार आवडायची, शेजारणींना सांगायची. तिला तरी खरं सांगायला हवं होतं. ती गेली. तिच्या लेखी मी तसाच राहिलो.

हॉटेल पुढं मालकानं विकलं. मी मुलीकडं चिकलठाण्याला राहतो. हात स्वस्थ राहत नाहीत, घरात कुणी कणीक मळायला घेतली की मी उठून उभा राहतो. मुलगी म्हणते, "बाबा, बसा हो एका जागी." बसवत नाही.

ह्या वर्षी ईद झाल्यावर काही तरुण मंडळी घरी आली. ईद मिलनाच्या कार्यक्रमात आम्हा दोघांचा सत्कार करायचा म्हणाली. जावई खूश, मुलगी खूश. मी त्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर चप्पल घालून निघालो. जालना रोडवर शेअर रिक्षात बसलो, क्रांती चौकात उतरलो, आणि पुढची रिक्षा पकडायच्या ऐवजी परत घरी आलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. मुलगी विचारायची, कुठं जाऊन आलात? मी म्हणायचो, चौकापर्यंत. तिसऱ्यांदा मात्र बेगमपुऱ्यापर्यंत गेलो.

वस्ताद ओसरीवर खाटेवर बसला होता. गुडघे गेलेत त्याचे. सून शीरखुर्मा घेऊन आली. मी वाटी हातात धरून बसलो.

"खा ना महाराज," तो म्हणाला. "आज एकादशी नाय ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत सुटला. सूनही हसली. ती गोष्ट तिच्याही घरात तशीच सांगितली जात होती, हे त्या हसण्यावरून कळलं.

ती आत गेल्यावर मी सांगितलं. त्या दिवशी माझा उपास नव्हता. सकाळी टपरीवर टोस्ट खाल्ला होता. एकादशी आहे हे विसरलो होतो.

त्यानं क्षणभर पाहिलं आणि हात हलवला. "बस इत्ताच? भूलके खाया ना? मग तुटलाच नाही. आमच्यात भुलून खाल्लं तर रोजा तुटत नाही. अल्लाहनं खाऊ घातलं म्हणतात. तुमच्या देवानं टोस्ट दिला समजा."

किती सोपं करून दिलं त्यानं! मी तिथंच थांबलो असतो तर दोघांनीही सुखात शीरखुर्मा खाल्ला असता. सत्कारही झाला असता.

मी म्हणालो, "दोन होते, वस्ताद. दुसरा आठवल्यावर खाल्ला."

गल्लीतून एक हातगाडी गेली, पुदिना-कोथिंबीर ओरडत. तो तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मग चाखायचं होतं."

"हो."

"मी समजलो, एकाचा गेला, एकाचा राहिला. बदल्याचा रोजा धरला तेव्हा हेच मनात होतं. चांगलं वाटलं होतं मला." माझ्या हातातल्या वाटीकडं बघून म्हणाला, "कुणाच्या उपासासाठी तुटला मग माझा?"

मी म्हणालो, कार्यक्रमात सगळ्यांसमोर सांगतो, तुम्ही या. तो म्हणाला गुडघे दुखतात. मी वाटी तशीच ठेवून निघालो.

कार्यक्रमाला तो आला नाही. त्याची खुर्ची भरायला त्याच्या मुलाला बसवलं होतं. शाल माझ्या खांद्यावर पडली आणि माइक हातात आला. मी सांगितलं. जसं आत्ता लिहिलं तसंच, टपरी, टोस्ट, पहिला, दुसरा. रोजा माझ्यामुळं तुटला, मी काही मोडलं नाही, असं दोनदा म्हणालो. मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन! श्रेय स्वतःकडं न घेता मित्राला देतात. आजकाल अशी माणसं कुठं आहेत?" टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. वस्तादचा मुलगा टाळ्या वाजवत नव्हता. तो हात मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत होता. मुलगी पाचव्या-सहाव्या रांगेत होती. तीही वाजवत नव्हती. ती काय समजली ते तिनं मला अजून सांगितलं नाही, पण घरी जाताना गाडीत पुढं न बसता मागं माझ्याजवळ बसली.

सकाळी मी वस्तादला फोन केला.

"ऐकलं मी," तो म्हणाला. "टाळ्या पडल्या म्हणे."

"कुणाला कळलंच नाही, वस्ताद. पुन्हा सांगेन."

"किती जागी सांगत फिरणार? लिहून टाका. अन् नाव घालू नका कुणाचं. माझं तर नक्कोच."

"बरं."

"टोस्टाचं लिहा. दोन्ही."

"लिहितो."

त्याच्या घरात कुणीतरी मसाला कुटत होतं, तो आवाज येत होता. एरवी फोन ठेवताना तो "येत जा महाराज" म्हणायचा, मी हो म्हणायच्या आत ठेवून द्यायचा. ह्या वेळी मी वाट पाहिली. मसाला कुटायचा आवाज थांबला, मग फोनही बंद झाला.